मापाचा रेनकोट

माप घ्यायला पोर समोर नव्हती, म्हणून बाइंडर दाराच्या चौकटीपुढे गुडघ्यांवर बसले. चौकटीच्या आतल्या बाजूला पेन्सिलीच्या रेघा होत्या, एकीवर एक, शिडीच्या पायऱ्यांसारख्या. सगळ्यात वरच्या रेघेला त्यांनी टेप लावली, खांदा कुठे येईल, मनगट कुठे पोचेल याचा अंदाज बांधला आणि तेवढ्या उंचीवर हवेतच बोट धरून ठेवलं.

“चौकटीला झगा शिवताय वाटतं?”

खालच्या मजल्यावरच्या शिवणवाल्या बाई दारात उभ्या होत्या. हातात बटणांचा डबा. बाइंडरांनीच तो सकाळी मागितला होता, आणि मागितल्यापासून उगीच मागितला असं त्यांना वाटत होतं.

“नातीसाठी,” ते म्हणाले.

“ते कळलं हो. पण नात कुठाय? गिऱ्हाईक समोर नसताना मी साधा रुमालसुद्धा कापत नाही.”

“तिला आत्ता कळू द्यायचं नाहीये. शनिवारी एकदम दाखवायचं.”

“बरं बाबा. चौकटीचं एक बरंय म्हणा. काखेत घट्ट झालं तरी कुरकुर करत नाही.” बाई आत आल्या आणि टेबलापाशी थबकल्या. टेबलावर निळा रेनकोट हातपाय पसरून पडावं तसा पसरला होता. “हा कुणाचा?”

“लेकीचा.”

बाईंनी डबा अलगद खाली ठेवला. बाइंडरांच्या लेकीला जाऊन दोन वर्षं होत आली होती. शेवटचे काही महिने ती इथेच, या खोलीत होती, कारण इथून इस्पितळ जवळ पडायचं. जिन्यात बाईंच्या दारापाशी टेकून ती दम खायची, तेव्हा अंगावर हाच रेनकोट असायचा. पाऊस असो नसो, तिला वारं सोसत नसे.

“आणि हा कापणार?”

“नातीला बसायला नको का?”

 बोलायला बाईंना कधी कुणाची परवानगी लागत नसे. पण त्या दिवशी नुसत्या मान हलवून गेल्या.

लोक त्यांना बाइंडरच म्हणत. उभा जन्म त्यांनी सरकारी वाचनालयाच्या तळघरात फाटकी पुस्तकं बांधण्यात काढला. वरच्या मजल्यावरची माणसं पुस्तकं पोटातून वाचत, हे पाठीकडून ओळखत. शिवता शिवता थोडं वाचूनही होई, पण शिवायच्या पानांच्या एका जुडीतून, एका फर्म्यातून, दुसऱ्या फर्म्यात जाईपर्यंत. त्यामुळे पुष्कळ गोष्टींची त्यांना सुरुवात माहीत होती, पुष्कळांचा शेवट, आणि मधलं फारसं नाही. माणसांच्या बाबतीतही त्यांचं तसंच झालं होतं. बोलायची वेळ आली की वाक्य मनात तयार करीत, तपासून बघत, आणि तोवर समोरचा उठून गेलेला असे. बायको होती तोवर तिने दोघांचं मिळून बोलून घेतलं. ती गेल्यावर लेकीने. आता ते काम करणारं कुणी उरलं नव्हतं.

जावयाने वर्षाने दुसरं लग्न केलं. त्यात कुणी कुणाला बोल लावावा असं काही नव्हतं; लहान मूल, नोकरी, एकटा माणूस. नवी सून म्हणावं तर ती यांची सून नव्हे, लेक म्हणावं तर लेकही नव्हे. ती दाताच्या दवाखान्यात नर्स होती. शनिवारी दुपारी दोघांपैकी कुणीतरी नातीला आणून सोडी आणि संध्याकाळी घेऊन जाई. नातीला घरात सगळे मुंगी म्हणत, कारण रांगती होती तेव्हापासून दिसेल ती वस्तू उचलून तिला कुठेतरी नेऊन ठेवायची असे. आता ती सहा वर्षांची झाली होती.

पूर्वी शनिवार चुकत नसे. मग कधी कुणाचा वाढदिवस निघाला, कधी सर्दी, कधी नाचाचा क्लास. आणि मध्यंतरी एका शनिवारी बाइंडर दार उघडायला म्हणून पुढे झाले, तर बाहेरून आवाज आला.

“पप्पा, आज नको ना. तिकडे काहीच नसतं.”

“शू. आजोबा आहेत ना?”

“पण काही नसतं.”

बेल वाजली. बाइंडरांनी थोडा वेळ जाऊ दिला. लगेच उघडलं असतं तर दाराआडून ऐकत होते असं झालं असतं. मग उघडलं, तेव्हा बाप, लेक आणि ते स्वतः, तिघंही हसत होते.

त्या दिवशी नात गेल्यावर ते तिच्या जागी जमिनीवर बसले आणि तिच्या उंचीवरून खोली बघितली. टेबलाची खालची बाजू दिसली. खुर्चीचे पाय दिसले. कपाटातल्या पुस्तकांच्या खालच्या रांगेचा अर्धा भाग, कागद कापायचं यंत्र, ज्याला हात लावायची तिला बंदी होती, आणि पलंगाखालची ट्रंक. पोर खोटं बोलली नव्हती.

त्यांना राग आला नाही. त्यांना असे राग सहसा येतच नसत, आले तरी ते आपल्यावर. पण एक भीती मनात जाऊन बसली. पोर यायची थांबली, तर आपण एकटे पडू हे होतंच; त्याची त्यांना सवय होती. भीती दुसरी होती. त्या घरात आता नवी माणसं, नवे पडदे, नवी सवय. मुंगी आईला आई म्हणायची आणि नवीला आधी मावशी, मग कधीतरी मम्मी म्हणायला लागली. आईबद्दल कुणी बोललंच, तर ते या खोलीत बोलणार. इथलं येणं तुटलं की पोरीची आई तिच्यापुरती संपणार.

म्हणून त्यांनी कपाट बांधायला घेतलं. नटण्यामुरडण्याचं, सोंगं घ्यायचं कपाट. वाचनालयाच्या बालविभागात त्यांनी पाहिलं होतं. मुलांना खेळण्यापेक्षा दुसरं कुणीतरी व्हायला फार आवडतं. तिथे आता पुस्तकांची कार्डं कुणी बघत नसे, तेव्हा कार्डांचे लाकडी ड्रॉवर अडगळीत टाकले होते. जुन्या शिपायाच्या ओळखीने त्यांनी काही ड्रॉवर उचलून आणले. जाड पुठ्ठ्याचे थरावर थर चिकटवून, रात्रभर वजनाखाली ठेवून, त्यांनी मुंगीच्या उंचीचा सांगाडा केला आणि त्याला बाहेरून तांबडं बाइंडिंगचं कापड चढवलं. कपडे टांगायला दांडी हवी होती, ती फरशी पुसायच्या काठीची केली. “आता फरशी काय दाढीने पुसणार?” असं शिवणवाल्या बाईंनी विचारलं होतं.

ड्रॉवरच्या तोंडाशी पितळी चौकटी होत्या. त्यांत चिठ्ठ्या सरकवल्या: मुकुट, चष्मे, माळा, टोप्या. मुंगी नुकतीच वाचायला लागली होती, म्हणून प्रत्येक शब्दाशेजारी छोटं चित्रही काढलं. शेवटच्या ड्रॉवरला काय म्हणावं ते सुचेना, तेव्हा तिथे ‘किरकोळ’ लिहिलं आणि चित्र म्हणून एक मुंगी. दाराच्या आतून लोकरी कापडाची लांब पट्टी सोडली. पोरीच्या केसांच्या पिना आणि चाप दर वेळी हरवत, ते तिथे अडकवायला. मुकुट पुठ्ठ्याचा, त्यावर पुस्तकांची नावं छापायच्या सोनेरी वर्खाचे उरलेले तुकडे. चष्मे बिनकाचेचे, एक गोल, एक चौकोनी, एक अगदी हेडमास्तरणीसारखा. डॉक्टरची बॅग रेक्झिनची. पंख बटर पेपरचे, छत्रीच्या काड्यांवर ताणलेले.

सगळं झालं आणि दांडी रिकामी राहिली. तेव्हा त्यांनी ट्रंक उघडली.

आत लेकीचे तीनच कपडे होते. रेनकोट, एक चौकडीचा शर्ट आणि हिरवा स्वेटर. बाकीचे जावई घेऊन गेला होता. बाइंडरांनी तिन्ही साबणाने धुतले, उन्हात वाळवले. कापड कसंही असो, ते मापाचं झालं पाहिजे, एवढं त्यांना कळत होतं. वर्षानुवर्षं त्यांच्या हाताला तोच एक नियम माहीत होता: पुठ्ठा पानांपेक्षा नखभर मोठा ठेवायचा. त्याहून जास्त झाला की पुस्तक ढगळ दिसतं, कमी झाला की पानांचे कोपरे मरतात. ज्याचं त्याला बरोबर बसलं म्हणजे झालं.

रेनकोटचं कापड तर रेक्झिनचंच भावंड. त्यावर पट्टी ठेवून त्यांनी पात्याने एका ओढीत बाह्या कापल्या, मग घेर. कॉलर छोटी केली. खिसे उसवून वर सरकवले, नाहीतर पोरीच्या गुडघ्याशी आले असते. पूर्वी जिथे खिसा होता, तिथे निळ्या रंगाचा एक गडद चौकोन दिसायला लागला. त्या जागेला कधी ऊन लागलं नव्हतं. तो झाकायला त्यांनी वर एक चांदणी चिकटवली.

स्वेटरने मात्र दगा दिला. पात्याने बाही कापली आणि वीण सुटली. एक धागा ओढला जाऊन टाका टाक्यामागे पळायला लागला. कागद असा कधी वागत नाही. बाइंडर घाबरून गेले; त्यांनी घाईघाईने कडेला सरस फासला आणि दाबून धरला. धागा थांबला. कडा पुठ्ठ्यासारखी ताठ झाली, पण थांबला. शर्टाला त्यांनी पुस्तकाच्या दोऱ्याने टीप घातली, आणि शिवणवाल्या बाई ती बघून म्हणाल्या, “शर्ट शिवलाय की वही बांधलीये? छान आहे. शर्ट उलगडून वाचता येईल.”

कापलेले तुकडे कागदाच्या कात्रणांबरोबर गोणीत गेले. कात्रणं कायम गोणीतच जात. शुक्रवारी रद्दीवाला गोणी घेऊन गेला.

शनिवारी मुंगी आली ती दारातच थांबली.

“हे काय आहे?”

“उघडून बघ.”

तिने दार उघडलं. नंतरचा बराच वेळ बाइंडरांच्या आयुष्यातल्या चांगल्या वेळांपैकी एक होता. ती एकेक ड्रॉवर ओढून चिठ्ठ्या वाचत होती. “मु, कु, ट. मुकुट! च, ष्मे. आजोबा, हे चष्मे खरे आहेत?”

“खोटे आहेत. पण खऱ्यासारखे लागतात.”

“काच नाहीये.”

“म्हणून तर पुसायला लागत नाहीत.”

तिने हेडमास्तरणीचा चष्मा लावला, डोक्यावर मुकुट चढवला आणि डॉक्टरची बॅग घेऊन बाइंडरांची जीभ तपासली. जीभ लाल आहे, हे बरं नाही, असं सांगितलं. राणी असून डॉक्टर कशी, असं त्यांनी विचारलं, तर म्हणाली, “राण्यांना सुट्टी असते तेव्हा.” त्यांना वाटलं, आता पोर यायची थांबत नाही.

मग तिने दांडीवरचे कपडे बघितले.

“हे कुणाचे?”

बाइंडरांनी हे वाक्य आठवडाभर तयार केलं होतं. “तुझ्या आईचे. आता तुझे.”

मुंगीने मुकुट काढून खाली ठेवला. रेनकोट दांडीवरून काढला, नाकाशी नेला. “साबणाचा वास येतोय.”

“धुतलाय ना. घालून बघ.”

तिने घातला. बाइंडर वाकून बटणं लावायला गेले, पण तिने स्वतःच लावली. खांद्यावर खांदा बसला होता. बाही मनगटाशी येऊन थांबली होती, एक सूतही इकडे तिकडे नाही. गुडघ्याच्या जरा खाली घेर. चौकटीवरच्या एका रेघेवरून एवढं काढलं, म्हणून त्यांना मनातून अभिमान वाटला, आणि ते मागे सरून बघायला लागले.

मुंगी आपल्या हातांकडे बघत होती. तळवे, मग उलटे करून बोटं.

“हा आईचा नाहीये,” ती म्हणाली.

“आईचाच आहे ग. निळा. तुला आठवत नाही का?”

“आईचा असता तर माझे हात दिसले नसते.”

बाइंडरांना लगेच कळलं नाही.

“आईचा मोठा होता,” ती समजावून सांगायला लागली, जणू ते लहान होते. “मी आत जायचे. आई बटणं लावायची आणि मी आतून चालायचे. दोघी मावायचो.”

“मी तो कापला. तुझ्या मापाचा केला.”

“बाकीचा कुठाय?”

“टाकला.”

“का?”

“तुला बरोबर बसावा म्हणून.”

मुंगीने बाही बोटांवर ओढून बघितली, ती पोचली नाही. “बसायला नको होता,” ती म्हणाली.

ती रडली असती तर बाइंडरांना काहीतरी करता आलं असतं. पाणी आणता आलं असतं, डोक्यावर हात ठेवता आला असता. ती रडली नाही. तिने सगळी बटणं काढली, रेनकोट काळजीने हँगरवर घातला, कॉलर सारखी केली, दांडीवर टांगला आणि कपाटाचं दार लोटलं. स्वेटरच्या ताठ कडेला तिने एकदाच बोट लावून पाहिलं होतं. मग ती गोल चष्मा लावून जमिनीवर बसली आणि पाहुणीसारखी शहाण्यासारखी खेळत राहिली. “चष्मे छान आहेत, आजोबा,” असंही मध्येच म्हणाली.

बाइंडर खुर्चीत बसून होते. त्यांच्या डोळ्यांपुढे ती गोणी येत होती. आयुष्यभर त्यांनी दुसऱ्यांची पुस्तकं कापून चौरस केली, आणि कधीकधी, फार क्वचित, पातं जरा आत जाऊन समासातली कुणाची तरी जुनी पेन्सिलीची अक्षरं कापली जात. तेव्हा ते मनाशी म्हणत, मजकूर तर शाबूत आहे ना. आज तसं म्हणायला काही नव्हतं.

संध्याकाळी नवी आई न्यायला आली. एरवी ती उंबऱ्याबाहेरच उभी राहायची. यांना काय म्हणून हाक मारावी हे तिचं अजून ठरलं नव्हतं. ती बोलणं अशा ठिकाणाहून सुरू करी की हाक मारायची वेळच येऊ नये.

“झाला का खेळ? चला, उशीर झाला.”

“मम्मी, आजोबांनी कपाट केलं,” मुंगी म्हणाली. “आणि आईचा रेनकोट छोटा केला.”

तिने चहाडी केली नव्हती, जे झालं ते सांगितलं होतं. नव्या आईने बाइंडरांकडे बघितलं आणि ती आत आली. कपाट उघडलं, रेनकोट बघितला, चांदणी बघितली, स्वेटरची कडा बघितली. बाइंडर खुर्चीतून उठून उभे राहिले होते, साहेबासमोर उभं राहावं तसे.

“तुम्ही बसा ना,” ती म्हणाली आणि स्वतःही पलंगाच्या कडेला टेकली. थोड्या वेळाने म्हणाली, “एक सांगू का? घरी एक गाऊन आहे. ताईंचा.”

आपल्या लेकीला कुणी ताई म्हणताना बाइंडर पहिल्यांदाच ऐकत होते.

“मी आले तेव्हा कपाटात सगळं तसंच होतं. हे म्हणाले, देऊन टाक, मला हात लावायला होत नाही. मी दिलं. एवढा एक गाऊन हिने धरून ठेवला, सोडेचना. हे घरी नसले की घालते. पायात येतो, दोनदा आपटली. मग मीही कात्री काढली, म्हटलं खालून वीतभर कमी करावा. तर ही माझ्या हातालाच लोंबकळली.” ती जरा हसली. “ही समोर होती म्हणून गाऊन वाचला. नाहीतर मीपण कापलाच होता.”

बाइंडर खाली बसले.

“आणि तो ठेवता कुठे?” त्यांनी विचारलं.

“पलंगाखाली. पिशवीत.” तिने आवाज खाली आणला, तरी मुंगी ऐकत होतीच. “ह्यांना दिसला की दिवस दिवस बोलत नाहीत. म्हणून आम्ही दोघी लपवतो.”

“चपलांच्या मागे,” मुंगी म्हणाली.

बाइंडरांना ती पिशवी दिसली. कोंबलेलं कापड, घडीवर घडी, पडलेल्या चुण्या. त्यांनी कपाटाकडे पाहिलं. कपाट या खोलीत शोभत होतं. पुढच्या शनिवारी पोर दार उघडेल, माळांचा ड्रॉवर तिने अजून नीट बघितलाही नव्हता. रेनकोटचं ती विसरेल, मुलं विसरतात. ते इथे असलं तर ती येईल. याच्याहून सरळ हिशेब नव्हता.

“हे कपाट घेऊन जा,” ते म्हणाले. एवढं लहान वाक्य, तरी ते तपासून न बघताच तोंडातून गेलं होतं.

“छे छे. इथे लागेल तिला.”

“ती इथे किती वेळ असते?” त्यांच्या बोलण्यात टोमणा नव्हता. “गाऊनला दांडी होईल. दार लावलं की कुणाला दिसणारही नाही. मी लांबी बघितलीय मनाने, थोडा खाली टेकेल. टेकू दे.”

नवी आई खिडकीकडे बघत राहिली. “ह्यांना काय सांगू?”

“सांगा, आजोबांनी कपाट केलं. खोटं नाही ते.”

“नाही,” ती म्हणाली. “सगळंच सांगते. किती दिवस पलंगाखाली ठेवणार?”

मुंगी दोघांकडे आळीपाळीने बघत होती. “मग इथे काय राहील?”



“इथे मी आहे की,” बाइंडर म्हणाले.

ड्रॉवर काढले, दांडी मोकळी केली. तिन्ही कपडे नव्या आईच्या हातात आले तेव्हा तिने मुंगीला विचारलं, “हे पण न्यायचे?” मुंगीने आजोबांकडे पाहिलं आणि मान हलवली. “ते राहू देत इथेच.” का, ते कुणी विचारलं नाही. नव्या आईने ते घडी करून पलंगावर ठेवले.

कपाट पुठ्ठ्याचं, वजनाला काही नव्हतं. तरी जिन्याच्या वळणावर तिरकं करावं लागलं. पुढे नवी आई, मागे बाइंडर, आणि त्यांच्यामागे ड्रॉवरचा मनोरा छातीशी धरून, हनुवटीने दाबून, मुंगी. शिवणवाल्या बाईंनी आवाज ऐकून दार उघडलं.

“हे काय, कपाट सासरी निघालं वाटतं?”

बोलून गेल्यावर बाईंनी जीभ चावली. पण बाइंडर नुसते “हो” म्हणाले, आणि बाई पुढे होऊन कपाटाचा एक कोपरा उचलायला लागल्या. टॅक्सीच्या टपावर ते दोरीने बांधलं. गाठ बाइंडरांनी मारली. नवी आई आत बसता बसता थांबली. “येते हं, आजोबा,” ती म्हणाली, मुंगी म्हणायची तसंच.

पुढच्या आठवड्यात त्यांनी रद्दीवाल्याला विचारून पाहिलं. तो म्हणाला, “साहेब, गोणी कधीच कागदाच्या गिरणीत गेली. काही कामाचं होतं का?” ते म्हणाले, नाही, कात्रणंच होती. दाराआडच्या खिळ्याला त्यांनी रेनकोट लावून ठेवला, आणि शेजाऱ्यांच्या मुलाची जुनी पुस्तकं बांधायला आणली होती ती पुढ्यात घेतली. शनिवारी कुणी येईल असं त्यांनी धरलं नव्हतं.

बेल दुपारीच वाजली. नवी आई कामावर जायच्या घाईत होती, दारातूनच परतली. मुंगी आत आली, आणि आल्या आल्या एकेक बातमी सांगितली. कपाट पलंगाशेजारी ठेवलंय. एक ड्रॉवर अडकत होता, त्याला पप्पांनी मेण लावलं. गाऊन दांडीवर आहे. “पप्पा तिकडे बघत नाहीत,” ती म्हणाली, “पण असू दे म्हणाले.”

“बरं झालं,” बाइंडर म्हणाले. मग त्यांना वाटलं, आधीच सांगितलेलं बरं. “आज इथे काही नाही हं खेळायला. मी म्हटलं, तू येतेस की नाही कोण जाणे.”

मुंगीने खोलीभर नजर फिरवली. टेबल, खुर्ची, यंत्र. मग दाराआडून तिने रेनकोट काढला, घातला आणि खालपासून वरपर्यंत सगळी बटणं लावली, गळ्याचंसुद्धा. चांदणी हाताने दाबून बसवली, कारण तिचं एक टोक सुटायला आलं होतं. आणि ती त्यांच्याजवळ येऊन जमिनीवर बसली. “मी दोरा धरते,” ती म्हणाली.

त्यांनी तिच्या हातात दोरा दिला. ते शिवत होते, ती धरत होती. बाहेर ऊन रणरणत होतं आणि खोलीत वारा नव्हता. थोड्या वेळाने तिच्या कपाळावर घाम आला, मग कानाशी, मग ओठांवर.

“काढ ग तो. उकडतंय.”

“नाही,” मुंगी दोऱ्यावरची नजर न काढता म्हणाली. “बरोबर बसलाय.”

बाइंडरांनी सुई कागदात टोचून ठेवली, उठले आणि खिडकी उघडली.